रिकामा रकाना

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)





हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने काय बोलावे, हे बहुधा ठरलेलेच असते. संस्थापकांचे स्मरण, निकालाची टक्केवारी आणि देणगीदारांचे आभार. स्मरणाचे व आभाराचे काम अध्यक्षांनी माझ्याहून चांगल्या शब्दांत केले आहे आणि निकालाचा तक्ता आपल्या हातातील पत्रिकेत छापलेला आहे. म्हणून मी आज आपली परवानगी घेऊन एका अगदी लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला जी संगणक खोली उभारून दिली, तिच्याविषयी पालक मला नेहमी विचारतात, “बाई, मुले तिथे शिकतात की नुसती खेळतात?” त्या खोलीत मुले शिकली आणि पन्नाशी ओलांडल्यावर त्यांच्या शेजारी बसून मीही शिकले, अशी एक गोष्ट सांगणे हेच या प्रश्नाचे खरे उत्तर होईल, असे मला वाटते.

त्या गोष्टीचे शास्त्रीय नाव जड आहे: ऐच्छिक आर्ग्युमेंटचे पूर्वनिर्धारित मूल्य. संगणकाच्या जगात त्याला ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ म्हणतात. नाव जड असले, तरी व्यवहार रोजचा आहे. आपल्या हैदराबादेत इराणी हॉटेलात बसून आपण ‘एक चाय’ एवढेच म्हणतो. दूध घालायचे का, साखर घालायची का, असे कोणी विचारीत नाही. दूध असते, साखरही असते. ज्याला साखर वर्ज्य आहे, त्याने तसे तोंड उघडून सांगायचे. म्हणजे आपण जे बोललो नाही, ते दुसऱ्या कोणी तरी आपल्या वतीने आधीच ठरवून ठेवलेले असते. संगणकाला दिलेल्या आज्ञेसोबत जी माहिती पुरवायची, तिला आर्ग्युमेंट म्हणतात. जी पुरवली नाही तरी चालते, ती ऐच्छिक. आणि ती न पुरवल्यास जे गृहीत धरायचे, ते पूर्वनिर्धारित मूल्य.

ज्यांनी आपल्या शाळेत संस्कृत घेतले होते, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पाणिनीच्या व्यवस्थेत सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि विशेष नियमाला अपवाद. कर्तरी प्रयोगात धातूपुढे सामान्यतः ‘शप्’ हा प्रत्यय येतो. पण धातू ‘दिव्’ आदी गणातला असेल, तर शप् बाजूला सरतो आणि ‘श्यन्’ त्याची जागा घेतो. विशेष काही सांगितले नसेल तर सामान्य लागू करावे, आणि विशेष सांगितले असेल तर सामान्याने निमूट जागा सोडावी, ही ती शिस्त. संगणक खोलीत ती मला पुन्हा भेटली, तेव्हा जुना शेजारी अनोळखी गावात भेटावा तसा आनंद झाला.

आमची मुले स्क्रॅच या भाषेपासून सुरुवात करतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ती घडवली आणि २००७ साली ती सर्वांसाठी खुली झाली. हिला दृश्य प्रोग्रामिंग म्हणतात, कारण तीत आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे उचलायचे आणि एकाखाली एक जोडायचे. पुष्कळ ठोकळ्यांवर लहानसा पांढरा रकाना असतो, त्यात संख्या किंवा शब्द लिहायचा. मात्र हा रकाना बहुधा कोरा येत नाही. चालण्याच्या ठोकळ्यात १० पावले, वळण्याच्या ठोकळ्यात १५ अंश, थांबण्याच्या ठोकळ्यात १ सेकंद आणि पुनरावृत्तीच्या ठोकळ्यात १० वेळा, हे आधीच लिहिलेले असते. त्यामुळे ज्याला अंश म्हणजे काय हेही ठाऊक नाही, अशा मुलाने नुसता ठोकळा दाबला तरी पडद्यावरचे मांजर हलते.

या संख्या किती विचाराने निवडल्या आहेत, ते पाहण्यासारखे आहे. मांजर ज्या मंचावर फिरते, त्याची रुंदी ४८० आणि उंची ३६० एकक. १ पाऊल ठेवले असते तर हालचाल डोळ्यांना कळलीही नसती; ५०० ठेवले असते तर मांजर पहिल्याच झेपेत कडेला जाऊन अडकले असते. १० पावले दिसतात आणि काही बिघडवीत नाहीत. १५ अंशांचे वळण २४ वेळा घेतले की पूर्ण फेरी होते, हे मुलाला पुढे कधी तरी आपोआप सापडते. आणि ‘अमुक ठिकाणी जा’ हा ठोकळा तर आणखी शहाणा आहे. मांजर या क्षणी जिथे उभे आहे, तिथलेच आकडे तो आपल्या रकान्यांत भरून ठेवतो. मुलाने मांजराला हाताने ओढून हव्या त्या जागी नेले, की पत्ता आधीच लिहिलेला असतो.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. स्क्रॅचमध्ये मुलांना स्वतःचे नवे ठोकळेही बनवता येतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी सातवीतील एका विद्यार्थिनीने ‘रांगोळी काढ’ नावाचा ठोकळा बनवला. त्याला दोन रकाने होते, बाजू आणि लांबी. बाजू ६ आणि लांबी ६० लिहिली की सुबक षट्कोन उमटे. तिच्या मैत्रिणीने तो ठोकळा घेतला, रकान्यांत काहीच न लिहिता दाबला आणि काहीच घडले नाही. चुकीचा संदेश आला नाही, पडदा थांबला नाही. रांगोळी तेवढी उमटली नाही. मैत्रीण मला म्हणाली, “बाई, हिचा ठोकळा बिघडलाय.”

ठोकळा बिघडलेला नव्हता. संख्येच्या जागी रिकामा रकाना मिळाला की स्क्रॅच हिशेबात तो शून्य धरते. बाजू शून्य, म्हणून आवर्तने शून्य. संगणकाने सांगितलेले काम चोख केले होते. काम शून्य वेळा करायचे होते, इतकेच. स्क्रॅचच्या स्वतःच्या पुष्कळ ठोकळ्यांत आधी भरलेली उत्तरे असतात, पण मुलाने बनवलेल्या ठोकळ्याचा रकाना कोराच येतो, आणि त्यात आधीपासून काही भरून ठेवण्याची सोय तिथे नाही.

मग त्या मुलीने वाट काढली. ठोकळ्याच्या पोटात तिने आधी एक प्रश्न घातला: बाजूचा रकाना रिकामा आहे का? असेल तर ६ धर, नसेल तर जे लिहिले आहे ते घे. मिळालेले आर्ग्युमेंट ठोकळ्याच्या आत बदलता येत नाही, म्हणून तिने ‘खऱ्या बाजू’ या नावाचे वेगळे चल तयार केले आणि उत्तर त्यात ठेवले. हे करताना वर्गाला एक विलक्षण गोष्ट सापडली. रिकामा रकाना आणि शून्य यांची बेरीज-गुणाकारात काहीच फरक न करणारे स्क्रॅच बरोबरच्या चिन्हाने तुलना करताना मात्र दोघांना वेगळे ओळखते. कोणी मुद्दाम ० लिहिले, तर ती त्याची इच्छा. कोणी काहीच लिहिले नाही, तर ते मौन. इच्छा आणि मौन यांतला हा भेद बारा वर्षांच्या मुलीने फळ्यावर समजावून सांगितला. पालकहो, मुले तिथे शिकतात की खेळतात, याचे माझे उत्तर इथेच पूर्ण झाले असते.

परंतु वर्ग तेवढ्यावर थांबला नाही. गृहीत धरायचेच, तर ६ का? ४ का नको? एक मुलगा म्हणाला, चौकोन सर्वांना येतो. दुसरी म्हणाली, रांगोळी म्हटले की षट्कोनच शोभतो. तिसऱ्याने १२ बाजू आणि १०० लांबी सुचवली आणि लगेच करून पाहिली. रेघ मंचाच्या कडेला आदळली आणि आकृती मोडली. तेव्हा मुलांनीच नियम बांधला. बहुतेकांना जे हवे असेल ते गृहीत धरावे, आणि आपला अंदाज चुकला तर ज्याने सर्वांत कमी नुकसान होईल ते धरावे.

या खटाटोपाची गरज न ठेवणारी एक भाषा आम्ही नंतर मुलांना दाखवली. ब्रायन हार्वे आणि येन्स म्योनिग यांनी घडवलेली, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढलेली स्नॅप. तीही ठोकळ्यांचीच. तिच्यात स्वतःचा ठोकळा बनवताना आर्ग्युमेंटसाठी पूर्वनिर्धारित मूल्य लिहिण्याची जागाच दिलेली आहे. तिथे ६ लिहिले, की ठोकळा उचलणाऱ्याला रकान्यात ६ दिसतो. मात्र मुलांच्या लक्षात आले, की कोणी तो ६ खोडून रकाना कोरा ठेवला तर स्नॅप तो पुन्हा भरून देत नाही. आधी भरलेले उत्तर ही एक सूचना असते. ती खोडल्यावर काय करायचे, याचा विचार ठोकळा बनवणाऱ्यानेच करून ठेवायचा असतो. मोठी मुले पुढे पायथन शिकतात. तिथे हे मूल्य व्याख्येच्या ओळीतच बरोबरचे चिन्ह देऊन लिहितात आणि आर्ग्युमेंट गाळले की ते आपोआप लागू होते. सोय मोठी आहे, पण वापरणाऱ्याच्या ओळीत ते गृहीत कुठे दिसत नाही. ठोकळ्यावर जे डोळ्यांसमोर असते, ते तिथे पडद्याआड जाते. जाणत्याने ते शोधून वाचावे लागते.

आणखी एक प्रसंग. आठवीतील एकाने स्नॅपमध्ये ‘अभिनंदन कर’ असा ठोकळा बनवला. रकाना एकच, नाव. त्यात पूर्वनिर्धारित मूल्य म्हणून त्याने स्वतःचेच नाव घातले. क्रीडादिनाची शुभेच्छापत्रे छापायला घेतली, तेव्हा ज्यांनी ज्यांनी रकान्याकडे लक्ष दिले नाही, त्या सर्वांच्या पत्रांवर त्या एकट्याचेच अभिनंदन झाले. वर्ग पोट धरून हसला. पण हसून झाल्यावर प्रश्न उरला, की नावाचे पूर्वनिर्धारित मूल्य काय असावे? उत्तर असे, की असूच नये. नावाला ‘बहुतेक वेळा’ असे काही नसते. आपल्यापैकी जे अभियंते आहेत, त्यांना लॅबव्ह्यू ही १९८६ सालापासूनची चित्रमय भाषा माहीत असेल. तिच्यात प्रत्येक निविष्टीला आवश्यक, शिफारसप्राप्त किंवा ऐच्छिक ठरवता येते, आणि आवश्यक निविष्टी जोडली नसेल तर प्रोग्राम चालूच होत नाही. जिथे शहाणपणाने गृहीत धरण्यासारखे काहीच नाही, तिथे यंत्राने थांबून विचारावे, हाच तिथलाही धडा.

आता मी माझ्या स्वतःच्या एका चुकीविषयी बोलणार आहे. ही गोष्ट मी यापूर्वी व्यासपीठावरून सांगितलेली नाही. हीरक महोत्सवात गौरवाच्या गोष्टी सांगतात, हे मला माहीत आहे. पण ज्यांच्या देणगीतून ही खोली उभी राहिली, त्यांना ही सांगणे मला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी शाळेचे निकालपत्रक प्रथमच संगणकावर आले, तेव्हा मी पर्यवेक्षिका होते. तक्ता मीच आखला. कोरे रकाने मला अव्यवस्थित दिसत, म्हणून गुण भरण्याआधी मी सगळ्या रकान्यांत ० घालून ठेवले. शिक्षक आपापले गुण भरतील आणि शून्ये पुसली जातील, हा माझा हिशेब. नववीतला एक मुलगा विषमज्वराने आजारी पडला आणि एका पेपरला बसू शकला नाही. त्याच्या त्या रकान्यात कोणी काहीच भरले नाही. भरायला काही नव्हतेच. माझे शून्य तिथेच राहिले.

इतर चार विषयांत त्याचे गुण ६२, ५८, ७१ आणि ६५ होते. चार पेपरांची सरासरी ६४ येते. माझ्या शून्यासह पाचांची ५१.२ आली. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून फीची मदत मिळण्यासाठी ६० टक्क्यांची अट होती. यादी संगणकाने काढली, मी सही केली आणि त्या मुलाचे नाव यादीत नव्हते. यातली बोचरी गोष्ट अशी, की तक्त्याचे सरासरीचे सूत्र कोरा रकाना मोजतच नाही. मी नीटनेटकेपणासाठी हात लावला नसता, तर उत्तर बरोबर आले असते.

वर्षअखेरीस त्याची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. फी झेपत नाही, गावी आजोळी पाठवतो आहोत, असे म्हणाली. मी मदतनिधीविषयी विचारले, तेव्हा तिने पिशवीतून प्रगतिपुस्तक काढून दाखवले. आजारपणाची चिठ्ठी तिने वेळेवर दिली होती. ती दप्तरी होती. मग आपण विचारले का नाही, असे मी म्हणाले. ती म्हणाली, “शाळेनं ठरवलं असेल, म्हणून आम्ही काही विचारलं नाही, बाई.”

आम्ही गुणपत्रक दुरुस्त केले, निधीची रक्कम देऊ केली, घरी जाऊन क्षमाही मागितली. पण गावी शाळा ठरली होती, मुलगा आधीच गेला होता. आज या सभागृहात त्याच्या तुकडीतील अनेक जण बसले आहेत. तो नाही.

त्या आईचे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. आधीच भरलेले उत्तर सर्वांना सारखेच लागू होते, पण त्याचा भार सारखा पडत नाही. ज्याला विचारण्याची सवय आहे, तो ‘साखर नको’ म्हणून मोकळा होतो. जो विचारीत नाही, लाजतो, शाळेवर विश्वास टाकतो, त्याच्या आयुष्यात दुसऱ्याने भरलेले उत्तर तसेच राहून जाते. म्हणून रकान्यात आधी काय लिहून ठेवायचे, हा प्रश्न मी आता केवळ तंत्राचा मानीत नाही.

त्यानंतर आम्ही शाळेच्या सर्व नमुन्यांची तपासणी केली. गुणपत्रकात आता गैरहजेरीची वेगळी खूण आहे आणि एकही रकाना कोरा असेल तर यादी निघतच नाही. प्रवेशअर्जात ‘मातृभाषा’ या रकान्यात ‘मराठी’ हा शब्द कित्येक वर्षे छापलेलाच येत असे. मराठी शाळा, म्हणून कोणाला त्यात वावगे वाटले नाही. तो शब्द काढून टाकला आणि लिपिकांना प्रत्येकाला विचारायला सांगितले. तेव्हा कळले, की आपल्या काही मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी दखनी, काहींच्या घरी बंजारा समाजाची गोरबोली. ही मुले पहिलीत गप्प का बसतात, हे कोडे आम्हाला वर्षानुवर्षे पडले होते. उत्तर आमच्याच अर्जावर छापलेल्या एका शब्दाखाली झाकलेले होते.

पालकहो, १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली, मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला आणि इथली मराठी कुटुंबे इथेच राहिली. पुढच्या दशकात आपल्या संस्थापकांनी ही शाळा काढली. मराठी नसलेल्या शहरात मुलाच्या शाळेचा रकाना कधीच कोरा नसतो. शेजारीपाजारी, नातेवाईक आणि जाहिराती तो आधीच भरून ठेवतात. आपण तो वाचलात, विचार केलात आणि त्या जागी स्वतःचे उत्तर लिहिलेत. ते उत्तर योग्य ठरवणे ही आमची जबाबदारी आहे, आणि ती आम्ही गृहीत धरलेली नाही. आपल्याकडूनही एक मागणे आहे. शाळेने आपल्या वतीने काही ठरवले आहे, असे दिसले तर कृपा करून विचारा. ‘शाळेनं ठरवलं असेल’ असे म्हणून परत जाऊ नका.

भोजनानंतर संगणक खोली सर्वांसाठी उघडी आहे. सातवीची मुले आपल्याला रांगोळीचा ठोकळा दाखवतील. त्यांनी आता लांबीच्या रकान्याचाही बंदोबस्त केला आहे. आपण दोन्ही रकाने कोरे ठेवून ठोकळा दाबा. षट्कोन उमटेल आणि त्याखाली मुलांनी लिहिलेली ओळ दिसेल: ‘आपण काही सांगितले नाही, म्हणून आम्ही ६ बाजू आणि ६० लांबी धरली, बदलायची असल्यास सांगा.’ अशी ओळ मी माझ्या तक्त्यात लिहिली असती, तर आजच्या मेळाव्यात एक खुर्ची अधिक भरली असती.